पंजाबराव देशमुख : सभागृह आणि शिवार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. अमरावतीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. पीककर्जाची मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला व्याजात सवलत देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेलाही त्यांचेच नाव आहे. दरवर्षी २७ डिसेंबरला वऱ्हाडात त्यांच्या प्रतिमेला हार पडतात, सर्व पक्षांचे पुढारी भाषणे करतात. आणि याच वऱ्हाडात कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून येत आहेत. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या एका बॅरिस्टरने १९३० ते १९६५ या काळातील बहुतेक वर्षे निरनिराळ्या सभागृहांत शेतकऱ्याचा कैवार घेण्यात घालवली, आणि त्याच्याच जिल्ह्यात शेतकरी सावकाराच्या दारी उभाच आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय?

याची दोन तयार उत्तरे आहेत. एक भक्ताचे : पंजाबरावांसारखा माणूस पुन्हा झाला नाही, म्हणून ही दशा. दुसरे वैतागलेल्या कार्यकर्त्याचे : विधिमंडळ आणि संसद म्हणजे नुसता भाषणांचा कारखाना, तेथून गरिबाला काहीही मिळत नाही. दोन्ही उत्तरे विचाराचे कष्ट वाचवणारी आहेत. संसदीय राजकारणाने काय मिळते, ते केव्हा मिळते, आणि मिळालेले टिकते केव्हा, हे पंजाबरावांच्या कारकिर्दीवरून जितके स्पष्ट समजते तितके वऱ्हाडातील दुसऱ्या कोणाच्याही चरित्रावरून समजत नाही. म्हणून ती कारकीर्द नीट तपासली पाहिजे.

पंजाबरावांच्या आधीही अमरावतीला सभागृहाचे राजकारण होते, पण ते वकिलांचे होते. १८९७ साली काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. सर शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. अमरावतीचेच रंगनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. ही विद्वान, बाणेदार माणसे होती. परंतु त्या काळच्या वऱ्हाडाची अवस्था विचित्र होती. कायद्याने हा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेलेला आणि १९०२ च्या कराराने वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर त्यांना कायमचा पट्ट्याने दिलेला. १९१९ च्या सुधारणांनंतरसुद्धा वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेल्या सभासदाला कागदोपत्री सरकारने नियुक्त करून घ्यावे लागे. मत देण्याचा अधिकारही मालमत्तेच्या आणि साऱ्याच्या अटींवर अवलंबून होता. पऱ्हाटी वेचणाऱ्या बाईला, सालदाराला, चार-दोन एकरांच्या कुणब्याला त्यात जागा नव्हती.

याच वकिलांच्या पिढीने एक परदेशी शब्द वऱ्हाडात आणला : ‘होमरूल’. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग काढली, तिच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाड होते, आणि १९१९ साली लीगचे म्हणणे मांडण्यासाठी खापर्डे विलायतेस गेले. हा शब्द आयर्लंडचा. आयरिश पार्लमेंटरी पक्षाचे एक खासदार, आल्फ्रेड वेब, १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षही झाले होते. मात्र वऱ्हाडाने आयर्लंडकडून शब्द घेतला आणि त्या शब्दामागची खरी ताकद घ्यायची राहून गेली. ती ताकद कोणती, हे पाहिल्याशिवाय पंजाबरावांच्या कारकिर्दीचे मोजमाप करता येणार नाही.

ती ताकद होती ‘लँड लीग’, म्हणजे जमीन संघ. १८७९ च्या ऑक्टोबरात डब्लिनला तो स्थापन झाला. त्यामागचा माणूस मायकेल डॅव्हिट. मेयो परगण्यातील बेदखल झालेल्या कुळाचा हा मुलगा. पोटासाठी आईबाप इंग्लंडात गेले आणि अकराव्या वर्षी लँकेशायरच्या कापड गिरणीत यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. लँकेशायरच्या या गिरण्यांना अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ नंतर, वऱ्हाडचा कापूस हवा होता. आयर्लंडचे बेदखल कूळ आणि वऱ्हाडचा कर्जबाजारी कुणबी हे एकाच बाजारपेठेच्या दोन टोकांना बांधलेले होते. लँड लीगचे अध्यक्ष झाले चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल, १८७५ पासूनचे खासदार आणि स्वतः जमीनदार. वाजवी खंडापेक्षा अधिक देऊ नका, बेदखल केलेली जमीन दुसऱ्याने करू नये, जो करील त्याच्याशी गावाने व्यवहार तोडावा, हा संघाचा कार्यक्रम. कॅप्टन बॉयकॉट या मुनिमावर १८८० साली गावाने जो सामाजिक बहिष्कार टाकला, त्यातून ‘बॉयकॉट’ हा शब्दच जगाला मिळाला.

या शिवारातल्या लढ्यामुळे सभागृहातील पार्नेल यांच्या शब्दाला वजन आले. १८८१ साली ग्लॅडस्टन सरकारने जमिनीचा कायदा केला : वाजवी खंड, कूळहक्काची शाश्वती आणि तो हक्क विकण्याची मोकळीक. कायदा झाला म्हणून पार्नेल हारतुरे घेत बसले नाहीत. निवडक खटले न्यायालयापुढे नेऊन हा कायदा पारखून पाहा, असे त्यांनी कुळांना सांगितले. सरकारने त्यांना त्याच ऑक्टोबरात तुरुंगात टाकले, आणि पुढल्या वर्षी थकलेल्या खंडातून सूट देणारा आणखी एक कायदा सरकारलाच करावा लागला. आयरिश पक्षाच्या खासदारांनी आणखी एक पथ्य पाळले. पक्षाबरोबर बसायचे, पक्षाबरोबर मत द्यायचे आणि इंग्रज सरकारात पद घ्यायचे नाही. हे पथ्य ध्यानात ठेवून पंजाबरावांकडे वळावे.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते विलायतेस गेले. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकले, बॅरिस्टर झाले. वेदवाङ्मयातील धर्माचा उद्गम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. इतके शिकून १९२६ साली परत आलेल्या माणसाने काय केले? १९२७ साली जातीबाहेर विवाह केला. त्यांच्या पत्नी विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सभासद झाल्या. अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्याच वर्षी लढा उभा राहिला, त्यासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषवले, त्या लढ्यात पंजाबराव उभे राहिले. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराचा ध्यास घेतला. श्रद्धानंद वसतिगृहात सर्व जातींची खेड्यातील मुले एकत्र जेवू लागली. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. जेथे शाळा पाहायला शहरात जावे लागे, तेथे पुढे गावोगावी शाळा आणि अकोल्यासारख्या ठिकाणी महाविद्यालये उभी राहिली. जातीने आणि दारिद्र्याने बाहेर ठेवलेल्या लाखो मुलांच्या हाती या कामाने पाटी दिली, हे त्यांच्या विरोधकांनीही नाकारलेले नाही.

मग १९३० साल आले. त्या एप्रिलात अकोला जिल्ह्यातील दहिहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर मिठाचा सत्याग्रह झाला. जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या रानात गवत कापून जंगल सत्याग्रह केला. काँग्रेसचे लोक तुरुंगात जात होते, कौन्सिलांवर त्यांचा बहिष्कार होता. त्याच वर्षी पंजाबराव मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलात निवडून गेले आणि मंत्री झाले. या निर्णयावर त्या काळी कडक टीका झाली. ती टीका समजण्याजोगी आहे, परंतु पंजाबरावांची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९२९ नंतर जगभर मंदी आली होती, कापसाचा भाव कोसळला होता. सारा मात्र तोच, व्याज तेच. गहाणखताची मुदत स्वराज्याची वाट पाहत थांबत नव्हती. शेतकऱ्याला आज श्वास घेता येईल असे काही करायचे असेल, तर ते त्या अपुऱ्या सभागृहातच करावे लागेल, हे त्यांचे गणित होते.

त्या गणिताचे फळ म्हणजे १९३३ चा कर्ज तडजोडीचा कायदा, वऱ्हाडात ज्याला ‘कर्जलवाद’ म्हणतात. त्यामागे पंजाबरावांचा आग्रह होता. कायद्याने कर्ज तडजोड मंडळे नेमण्याची सोय झाली. शेतकऱ्याने अर्ज करावा, मंडळाने सर्व सावकारांना हिशेब घेऊन बोलवावे, मूळ किती, व्याज किती, फेड किती झाली हे पाहावे आणि रक्कम घटवून हप्ते बांधून द्यावेत. सावकाराची वही उघड्यावर तपासली जाणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. परंतु नावाप्रमाणेच ही तडजोड होती. तिच्यात सक्तीचा जोर अपुरा होता. सावकार वकील घेऊन मंडळापुढे येत असे. शेतकऱ्याच्या मागे गाव उभा आहे की नाही, यावर तडजोड वाजवी होते की नावापुरती, हे ठरत असे. अशा तडजोडीचे अपुरेपण सहा वर्षांत कबूल झाले, आणि १९३९ साली कर्जनिवारणाचा अधिक सक्त कायदा करावा लागला. देवस्थानांची संपत्ती लोकोपयोगी कामाला लावण्यासाठी पंजाबरावांनी १९३२ साली आणलेले विधेयक तर सनातन्यांच्या विरोधात अडकले ते अडकलेच. सभागृहात एकट्या माणसाची बुद्धी कोठवर पोहोचते, याची सीमा या दोन उदाहरणांनी आखून दिली.

स्वातंत्र्य आले. घटना समितीत पंजाबराव वऱ्हाडचे आवाजी सभासद होते. खेड्याची, शेतकऱ्याची आणि मागास जातींची बाजू त्यांनी तेथे सातत्याने मांडली. तथापि त्यांचे सर्वच म्हणणे समाजवाद्यांना पटण्याजोगे नव्हते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली. दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू किंवा शीख माणसाला, तो कोठेही राहत असो, भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. समितीने ती स्वीकारली नाही आणि ते योग्यच झाले. अंबादेवीचा दरवाजा उघडा म्हणणाऱ्या माणसाने नागरिकत्वाच्या दरवाजाला धर्माची चौकट बसवू पाहावी, ही विसंगती आहे. थोर माणसाच्या जयंतीला ती लपवण्याची गरज नाही.

१९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्रात शेतीचे मंत्री होते. शेतकऱ्याचा मुलगा देशाच्या शेतीचा मंत्री झाला, याचा वऱ्हाडाला केवढा आनंद झाला असेल! भाताच्या जपानी लागवडीची मोहीम त्यांनी हिरिरीने चालवली; १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. पण त्या दहा वर्षांत अन्न आणि शेती खात्याची किल्ली कोणाच्या कमरेला होती? मंत्रिमंडळात या खात्याच्या वतीने आधी रफी अहमद किडवई बसले, नंतर अजितप्रसाद जैन, नंतर स. का. पाटील. पंजाबराव मंत्री होते, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीतील मंत्री नव्हते. १९५६ साली ‘पी. एल. ४८०’ खाली अमेरिकेचा गहू आणण्याचा करार झाला, १९६० साली त्याहून कितीतरी मोठा झाला. शहराला स्वस्त धान्य पुरवायचे आणि शेतमालाचा भाव दाबून ठेवायचा, ही नीती ज्या सरकारने चालवली, त्या सरकारात शेतकऱ्यांचा सर्वात कळकळीचा माणूस बसलेला होता.

मागासवर्गीयांच्या प्रश्नाचेही तेच झाले. १९५० नंतर मागासवर्गीयांच्या अखिल भारतीय संघटनेचे नेतृत्व पंजाबरावांनी केले. घटनेच्या ३४० व्या कलमाप्रमाणे १९५३ साली काकासाहेब कालेलकर यांचा आयोग नेमला गेला. १९५५ साली त्याने अहवाल दिला, २,३९९ जाती मागास म्हणून नोंदवल्या. १९५६ साली सरकारने तो अहवाल संसदेपुढे ठेवला आणि बाजूला सारला. मंडल आयोगाच्या शिफारशींवर १९९० साली निर्णय होईपर्यंत तो प्रश्न कुजत पडला. मागासांच्या संघटनेचा नेता आणि मागासांचा अहवाल बासनात बांधणाऱ्या सरकारचा मंत्री एकच असेल, तर संघटनेने मोर्चा न्यायचा कोणाच्या दारावर?

हाच प्रश्न भारत कृषक समाजाबद्दल विचारावा लागतो. शेतकऱ्यांची देशव्यापी संघटना असावी ही पंजाबरावांची कल्पना अचूक होती. १९५५ साली त्यांनी ती स्थापनही केली. पण स्थापन करणारा माणूस त्या वेळी स्वतः शेतीमंत्री होता. अशा संघटनेची मेळावे, प्रदर्शने, शिष्टमंडळे यांत भरभराट होते. परंतु सरकारने भाव पाडला तर सरकारविरुद्ध उभे राहण्याचे बळ तिच्यात कोठून येणार? आयरिश खासदारांनी सरकारात पद न घेण्याचे पथ्य का पाळले, हे येथे उमगते. त्यांच्यापैकी प्रत्येक जण साधुसंत होता म्हणून नव्हे. बाहेरच्या लढ्याचा दाब आत पोहोचवणे हे आपले काम आहे आणि दाब देणारा व दाब सोसणारा एकच असू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते म्हणून.

डॉ. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्याच्या हाती तीन साधने दिली : मत, फावडे आणि तुरुंग. म्हणजे निवडणूक, विधायक काम आणि अन्यायाविरुद्ध लढा. पंजाबरावांनी मत मिळवले. फावडे तर असे चालवले की त्यांनी लावलेली शिक्षणाची झाडे त्यांच्यानंतरही फळे देत राहिली. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले, त्यानंतर चार वर्षांनी अकोल्याला कृषी विद्यापीठ आले, त्याला त्यांचे नाव मिळाले ते या कामामुळेच. मात्र शेतकऱ्यासाठी सरकारला अडवून धरणारे तिसरे साधन त्यांच्या कारकिर्दीत दुबळे राहिले. म्हणून शाळा टिकल्या आणि कर्जमुक्ती टिकली नाही. शाळेच्या मागे गावाची वर्गणी, गावाचे श्रम, गावाची जागा होती. कायद्याच्या मागे फक्त मंत्र्याची कळकळ होती.

उलट बाजूही विसरू नये. बाहेरच्या जनतेपासून तुटला तेव्हा आयरिश पक्षही कोसळला. १९१८ च्या निवडणुकीत सिन फेनला ७३ जागा मिळाल्या आणि आयर्लंडात जुन्या पक्षाच्या हाती सहा उरल्या. सभागृहातील शिस्त, वक्तृत्व, डावपेच यांतले काहीही त्याला वाचवू शकले नाही.

पंजाबरावांनंतरच्या वऱ्हाडाचा अनुभव हेच सांगतो. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून चालली. चुकाऱ्यासाठी शेतकऱ्याला कितीही ताटकळावे लागले तरी व्यापाऱ्याच्या मनमानीला तिने आळा घातला. २००२ साली ती गुंडाळली गेली, आणि तिच्या रक्षणासाठी पुरेशी फळी उभी राहिली नाही. २००६ साली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ च्या कर्जमाफीत संपूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा पडली. कोरडवाहू वऱ्हाडात त्याहून थोडी अधिक जमीन असलेला, पण तितकाच नागवलेला शेतकरी पूर्ण माफीबाहेर राहिला. आणि पंजाबरावांच्या नावाची योजना? ती मुदतीत फेड करणाऱ्याला सवलत देते. ज्याचे पीक बुडाले, ज्याची मुदत टळली, जो बँकेतून बाहेर पडून सावकाराकडे गेला, त्याच्याच साठी तर १९३३ चा कायदा होता!

साथींनो, तेव्हा पंजाबरावांचे स्मरण करायचे असेल तर ते कामातून करावे. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा पुस्तकात आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्याने गुन्हा ठरवला आहे. अवैध सावकारीच्या व्यवहारात लिहून घेतलेली जमीन शेतकऱ्याला परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, चौकशी होते, आदेश निघू शकतो. परंतु खरेदीखत करून दिलेला, सावकाराच्याच गल्लीत राहणारा, पुढल्या पेरणीला पुन्हा त्याच्याकडेच हात पसरावा लागणारा माणूस एकटा त्या कचेरीची पायरी चढेल कसा? त्याच्या गावात साक्ष कोण देईल? तारखेला त्याच्यासोबत कोण जाईल? आयर्लंडच्या लँड लीगने निवडक खटले नेऊन कायदा पारखायचे ठरवले, तसे प्रत्येक तालुक्यातून दहा अर्ज नीट कागद जोडून, सातबारा आणि फेरफार काढून, गावाची साक्ष उभी करून गेले पाहिजेत. कायद्यात दम असेल तर जमीन परत येईल. नसेल तर तो कोठे अपुरा आहे हे दहा गावांना स्वतःच्या अनुभवाने कळेल, आणि मग विधानसभेत बोलणाऱ्या आमदाराच्या हातात भाषणाऐवजी पुरावा असेल.

१९३३ साली वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कायदा मिळाला आणि सोबती मिळाला नाही. हातातल्या कायद्याच्या बाबतीत तरी तसे घडू न देणे, हे सर्वस्वी कार्यकर्त्यांच्या हाती आहे.